घरातल्या घरात व्हिडिओ अडखळतात: दोष वायफायचा, फाइलचा की टीव्हीचा?

गोदाकाठची

आम्ही इंदिरानगरला दुमजली रो-हाऊसमध्ये राहतो. वरच्या खोलीत जुना डेस्कटॉप आहे, त्याला बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली आणि तिच्यावर घरातले सगळे व्हिडिओ. डेस्कटॉपवर जेलीफिन (घरच्या डिस्कवरचे व्हिडिओ टीव्हीवर पाठवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) टाकलंय, खाली हॉलमधल्या टीव्हीवर त्याचं ॲप आहे. फायबरचा राऊटर हॉलमध्येच, टीव्ही युनिटवर. डेस्कटॉपला यूएसबीचं वायफाय डोंगल आहे आणि टीव्हीही वायफायवरच आहे.

त्रास दोन प्रकारचा आहे. भाच्याच्या लग्नात मोबाइलवर फोर-केमध्ये काढलेले व्हिडिओ लावले की अर्धा-पाऊण मिनिट नीट चालतात, मग गोल फिरायला लागतं, पुन्हा सुरू होतात, पुन्हा थांबतात. दुसरे व्हिडिओ बाबांनी २००३च्या सिंहस्थात हँडीकॅमवर काढलेले. रामकुंड, तपोवन, साधूंच्या मिरवणुका, बरंच काही आहे त्यात. मागे एका दुकानातून त्या टेपच्या फाइल करून घेतल्या. त्या कधीच थांबत नाहीत, पण चित्र सतत बारीक झटके देत सरकतं. कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरला की बघवत नाही. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत. त्यांना हे सगळं मोठ्या पडद्यावर बघायचंय, पण थोड्या वेळाने डोळे दुखतात म्हणून उठून जातात.

इंटरनेटचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. यूट्यूब फोर-केमध्येही छान चालतं. मग घरच्या घरी का अडकतंय? नवा राऊटर घेऊ, प्लॅन वाढवू, की डेस्कटॉप बदलू?

निवांत

प्लॅन ३०० चा करा. आमच्याकडे तिघे एकदम मोबाइल बघायला बसले की अडकायचं, प्लॅन वाढवला आणि थांबलं.

सातपूरकर

निवांत, तुमच्याकडे फरक पडला असेल कारण तुम्ही बाहेरून येणारं बघत होतात. ताईंचा व्हिडिओ वरच्या खोलीतून निघतो आणि खालच्या हॉलमध्ये पोचतो. तो घराबाहेर जातच नाही. कंपनीला महिन्याला कितीही पैसे द्या, त्या प्रवासात काडीचा फरक पडणार नाही.

खात्री करायची असेल तर राऊटरला येणारी फायबरची वायर दोन मिनिटं काढा आणि लग्नाचा व्हिडिओ लावा. जसा आत्ता चालतो तसाच चालेल, तसाच अडखळेल. परत लावताना फायबर फार वाकवू नका एवढंच.

तांबेतार

सातपूरकरांशी सहमत. काही विकत घेण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा. साखळी अशी आहे: हार्ड डिस्क, डेस्कटॉप, डोंगल, राऊटर, टीव्हीचं वायफाय, टीव्हीतली चिप. अर्धी साखळी एका फटक्यात वगळणारी चाचणी आहे आणि ती फुकट आहे.

अडखळणारा एक लग्नाचा व्हिडिओ आणि झटके देणारा एक सिंहस्थाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घ्या. पेनड्राइव्ह थेट टीव्हीच्या मागे लावा आणि दोन्ही बघा. जो व्हिडिओ तिथे नीट चालेल त्याचा दोष वाटेत आहे. जो तिथेही तसाच दिसेल त्याचा नेटवर्कशी संबंध नाही.

मेनरोडवाला

एक भर. पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जाणारच नाही. एक्सफॅट करून घ्या. बहुतेक नवे टीव्ही ते वाचतात.

पंचवटी_एक्स्प्रेस

आमच्याकडे आजी स्वतः पेनड्राइव्ह काढून मुंबईच्या मावशीकडे पाठवते. आमचं नेटवर्क म्हणजे सकाळची गाडी आणि मामा. अजून एकदाही अडखळलं नाही :)

द्राक्षवेल

पंचवटी, मामांची बँडविड्थ चांगली आहे :)

गोदाकाठची ताई, आणखी एक बघा. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर, व्हिडिओ चालू असताना, त्याखाली 'डायरेक्ट प्ले' (फाइल आहे तशीच पाठवणं) दिसतं की 'ट्रान्सकोडिंग' (पाठवताना दुसऱ्या स्वरूपात बदलणं)? माझी सगळी भानगड तिथे होती. डेस्कटॉपमध्ये चौथ्या पिढीचा आय-३ आहे. मोबाइलचे नवे व्हिडिओ बरेचदा एचईव्हीसी या दाबून साठवायच्या स्वरूपात असतात आणि त्या पिढीच्या चिपमध्ये एचईव्हीसी उलगडायची सोयच नाही, ती इंटेलने सहाव्या पिढीपासून नीट दिली. मी टीव्हीच्या ब्राउझरमधून बघायचो. ब्राउझरला एचईव्हीसी चालत नव्हतं म्हणून सर्व्हर बिचारा उडत्या चालीत सगळा व्हिडिओ दुसऱ्या स्वरूपात बदलत बसायचा. प्रोसेसर शंभर टक्के, पंख्याचा आवाज खालपर्यंत. ब्राउझर सोडून ॲप वापरलं, टीव्हीची चिप स्वतः उलगडायला लागली आणि संपलं.

सबटायटलमुळेही हे होतं. ब्लू-रेवरून आलेली चित्ररूपी सबटायटल असतील आणि टीव्हीला ती झेपत नसतील तर सर्व्हर ती व्हिडिओवर रंगवून पाठवतो. म्हणजे पुन्हा ट्रान्सकोडिंग. सबटायटल बंद करून बघायचं, लगेच कळतं.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार. करून बघितलं.

फायबरची वायर काढली तरी व्हिडिओ चालू राहिला आणि तसाच अडखळला. सातपूरकर म्हणाले तसंच.

पेनड्राइव्हवरून लग्नाचा व्हिडिओ लोण्यासारखा चालला, एकदाही थांबला नाही. सिंहस्थाचा मात्र पेनड्राइव्हवरूनही तसाच झटके देतो.

डॅशबोर्डवर दोन्हींना डायरेक्ट प्ले दिसतंय.

तांबेतार

म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्ही एकाच टीव्हीवर दिसत असल्यामुळे एकच वाटत होता. आता वेगवेगळे धरू.

आधी लग्नाचा. एका फाइलचा आकार आणि लांबी सांगा. आकार मेगाबाइटमध्ये घ्यायचा, आठने गुणायचं आणि सेकंदांनी भागायचं. जे येईल ते त्या व्हिडिओला दर सेकंदाला लागणारे मेगाबिट. आठने गुणायचं कारण फाइल बाइटमध्ये मोजतात आणि नेटवर्क बिटमध्ये. या एका आठामुळे निम्मे लोक फसतात.

मग हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसा आणि वरच्या डेस्कटॉपवरची एखादी मोठी फाइल वायफायवरून लॅपटॉपवर कॉपी करा. विंडोज जो वेग दाखवेल तो सांगा.

मेनरोडवाला

कॉपीपेक्षा आयपर्फ-३ हे नेटवर्कचा वेग मोजायचं सॉफ्टवेअर वापरा. एका बाजूला सर्व्हर म्हणून चालवायचं, दुसऱ्या बाजूने आकडा घ्यायचा. कॉपीत हार्ड डिस्कचा वेगही मिसळतो. आयपर्फ फक्त वाट मोजतं.

तांबेतार

बरोबर आहे, पण वायफाय २०-३० मेगाबिटवर अडलेलं असताना साधी हार्ड डिस्कही त्याच्या कितीतरी पुढे असते. घरच्या माणसाला कमांड टाइप करायला लावण्याऐवजी कॉपीने काम भागतं. आकडा संशयास्पद आला तर आयपर्फ.

गोदाकाठची

फाइल १५०० एमबीची, चार मिनिटांची. १५०० गुणिले ८ भागिले २४० = ५०.
कॉपीचा वेग २.८ एमबी दाखवतोय. आठने गुणलं तर २२ च्या जवळपास.

म्हणजे पाहिजे ५० आणि मिळतायत २२! मग यूट्यूब कसं चालतं?

तांबेतार

सापडलं. यूट्यूब आपले फोर-के व्हिडिओ खूप दाबून पाठवतं, त्याला साधारण २० मेगाबिट पुरतात. मोबाइल मात्र काढताना तेवढं दाबत नाही, फोर-केला सहज ५० च्या घरात जातो. तुलनेला सांगतो, डीव्हीडीचा व्हिडिओ जास्तीत जास्त ९.८ मेगाबिटचा असतो आणि साध्या ब्लू-रेचा ४० चा. म्हणजे लग्नाची क्लिप ब्लू-रेपेक्षा जड आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. यूट्यूब राऊटरपर्यंत फायबरने येतं आणि हवेतून फक्त एकदा जातं, राऊटर ते टीव्ही. तुमचा लग्नाचा व्हिडिओ हवेतून दोनदा जातो: डोंगल ते राऊटर आणि परत राऊटर ते टीव्ही. एका वायफाय चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. एकच गाडी मावेल अशा पुलावर दोन्हीकडची वाहतूक सोडल्यावर जे होतं ते इथे होतं, वेग निम्म्यावर येतो.

राऊटर टीव्हीच्या शेजारी आहे ना? मग दोन मीटरची तयार लॅन केबल आणा, टीव्ही राऊटरला जोडा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये वायफाय बंद करा. पहिलं काम हे.

द्राक्षवेल

हे दोनदा हवेतून जाण्याचं मला आज कळलं. आमच्याकडेही तसंच आहे. लगेच केबल शोधतो.

वाड्यातला

आमचं घर भद्रकालीकडच्या जुन्या वाड्यात. भिंती दोन-अडीच फूट जाड, विटा आणि माती. राऊटर ओसरीत आणि वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा बँड माजघरापर्यंत पोचता पोचता संपतो. २.४ चा पोचतो, पण शेजारच्या सगळ्या वाड्यांचं आणि दुकानांचंही तिथेच. एका कंपनीच्या माणसाने रिपीटर लावून दिला होता. दांड्या फुल दिसायच्या, व्हिडिओ मात्र आणखी अडकायचे. आता वरचा प्रतिसाद वाचून कळतंय की रिपीटर तीच गोष्ट पुन्हा हवेतून सांगतो.

शेवटी माळ्यावरून जुन्या टीव्ही केबलची वायर ज्या वाटेने गेली होती त्याच वाटेने लॅन केबल ओढली आणि माजघरात दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून वायफाय देणारा डबा, लावला. भिंतीला एकही नवं भोक पाडलं नाही, काकांनी तशी अटच घातली होती. जुन्या घरात राहणाऱ्यांनी आधी अशा जुन्या वाटा बघाव्यात. डिशची, लँडलाइनची, इन्व्हर्टरची वाट कुठे ना कुठे असतेच. इन्व्हर्टरच्या वायरीला मात्र लॅन केबल चिकटवून नेऊ नका, वेगळी पट्टी घ्या.

निवांत

मेश (घरभर ठेवायचे, एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे) घेतला की ही सगळी कटकट वाचते ना?

वाड्यातला

मेशच्या दोन डब्यांमध्ये केबल असेल तर उत्तम. तीन बँडचा असेल आणि एक बँड डब्यांनी आपापसात बोलायला राखून ठेवला असेल तर चांगला. स्वस्तातला दोन बँडचा, बिनकेबलचा मेश आमच्या भिंतींमध्ये रिपीटरच्या फार पुढे जात नाही. सिडकोत भावाच्या फ्लॅटमध्ये तोच छान चालतो. घर बघून ठरवायचं.

आडगावकर

२.४ गिगाहर्ट्झवरच राहायचं असेल तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडा. बाकीचे एकमेकांवर चढतात. मोबाइलवर वायफाय ॲनालायझरचं एखादं ॲप टाकलं की शेजाऱ्यांचे कोणत्या चॅनेलवर आहेत ते दिसतं.

आणि मायक्रोवेव्ह. तो २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. आमच्याकडे संध्याकाळी पापड भाजायला लावले की आईची मालिका थांबायची, आणि दोघींचा एकमेकींवर संशय. बायकोने मायक्रोवेव्ह स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि टीव्ही ५ वर गेला, तेव्हा घरात शांतता झाली.

सातपूरकर

चॅनेलबद्दल थोडं वेगळं मत. नवे राऊटर ऑटोवर ठेवले तर बऱ्यापैकी निवडतात. हाताने ११ वर ठेवून दिला आणि पुढच्या महिन्यात तीन शेजारी तिथे आले तर कोण बघणार?

आडगावकर

माझा अनुभव उलटा आहे. आमचा राऊटर ऑटोवर असताना चालू व्हिडिओतच चॅनेल बदलायचा आणि टीव्ही काही सेकंद तुटायचा. रो-हाऊस, बंगला असेल तिथे हाताने ठेवलेला बरा. मोठ्या सोसायटीत तुमचं म्हणणं पटतं.

मेनरोडवाला

गोदाकाठची ताई, डोंगल डेस्कटॉपच्या कोणत्या पोर्टमध्ये आहे? बाहेरची हार्ड डिस्क यूएसबी ३ ची आहे का आणि दोन्ही शेजारी-शेजारी आहेत का? यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट सोडतं. इंटेलनेच २०१२ मध्ये त्यावर सविस्तर टिपण काढलं होतं. डोंगल यूएसबीच्या छोट्या एक्स्टेन्शन वायरवर घेऊन टेबलावर, डिस्कपासून लांब ठेवा. वायर एमजी रोडला कुठल्याही दुकानात मिळेल.

डोंगलच्या खोक्यावर १५० लिहिलेलं असेल. तो जोडणीचा कमाल दर आहे. चांगल्या परिस्थितीतही हाती त्याच्या निम्म्याच्या आसपास येतं.

गोदाकाठची

मेनरोडवाला, तुम्ही बघून गेल्यासारखं सांगताय. दोन्ही मागच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या, पोर्टमध्ये अगदी चिकटून आहेत आणि खोक्यावर १५० च आहे.

टीव्हीला केबल लावली, डोंगल एक्स्टेन्शनवर घेतलं. आता तीच क्लिप सुरुवातीपासून जवळजवळ शेवटपर्यंत चालते, पण ढोल-ताशांच्या ठिकाणी, जिथे सगळे नाचतायत, तिथे एकदा थांबली. लॅपटॉपही केबलने राऊटरला लावून कॉपी केली, तर ६.५ एमबी दिसलं.

तांबेतार

साडेसहा म्हणजे ५२ मेगाबिट. तुम्हाला ५० लागतात, पण ते सरासरी ५० आहेत. शांत दृश्यात कमी लागतात. गर्दी, नाच, उधळलेली फुलं, गुलाल अशा दृश्यांत प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमपेक्षा खूप वेगळी असते, ती दाबली जात नाही, आणि आकडा वर उसळतो. नाचापाशीच थांबली हे अगदी नियमाला धरून आहे. गरजेच्या दीडपट तरी वेग हाताशी हवा.

आता वर केबलच न्या. कॅट-६ घ्या, शुद्ध तांब्याची मागा. बाजारात सीसीए नावाची स्वस्त केबल मिळते, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. ती वाकवली की तुटते, क्रिंप (टोकाला कनेक्टर दाबून बसवणं) धरत नाही. टोक नखाने किंवा पात्याने खरवडलं की आतला पांढरा रंग दिसतो. मी अंबडला कारखान्यांची वायरिंग करतो, अशी केबल काढून पुन्हा टाकायची कामं दर पावसाळ्यानंतर येतात. बाहेरच्या भिंतीवरून न्यायची असेल तर उन्हाला टिकणारं काळं आवरण असलेली घ्या आणि पाइपातून न्या.

देवळालीकर

केबलने दोन मजले म्हणजे किती मीटर भरेल? मर्यादा असते ना?

तांबेतार

१०० मीटरपर्यंत चालते. रो-हाऊसला २०-२५ मीटर पुष्कळ झालं.

एक लक्षात ठेवा. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट आजही १०० मेगाबिटचंच असतं, टीव्ही कितीही महागाचा असो. तुमच्या क्लिपना १०० पुरेत. कोणी फोर-के ब्लू-रेच्या अख्ख्या फाइल ठेवत असेल तर त्या कधीकधी १०० च्या वर उसळतात, अशा वेळी टीव्ही राऊटरशेजारी असेल तर ५ गिगाहर्ट्झ वायफाय केबलपेक्षा जलद निघतं. तिथे केबल काढायची.

जुनाटेपवाला

सगळे लग्नाच्याच मागे लागलात, मला सिंहस्थाच्या टेपची काळजी वाटते. त्या पुन्हा काढता येणार नाहीत.

ताई, ती फाइल डेस्कटॉपवर व्हीएलसीमध्ये उघडा, टूल्समध्ये कोडेक इन्फर्मेशन बघा. फ्रेम रेट किती आणि रेझोल्यूशन किती लिहिलंय?

गोदाकाठची

रेझोल्यूशन ६४० बाय ४८०, फ्रेम रेट ३०.

जुनाटेपवाला

इथेच आहे सगळं.

आपल्याकडचा हँडीकॅम पाल या टीव्ही पद्धतीचा. मिनी-डीव्ही टेप असेल तर चित्र ७२० बाय ५७६ चं आणि सेकंदाला २५ फ्रेम. हे २५ आलं विजेवरून. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून टीव्ही सेकंदाला ५० अर्धचित्रं, म्हणजे २५ पूर्ण चित्रं असा ठरला. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिकडे ३० ठरलं. दुकानदाराच्या मशीनवर सेटिंग अमेरिकेचं राहिलं असणार. टेपमधून २५ फ्रेम आल्या, त्याने ३० भरायच्या होत्या, म्हणून दर पाचाला एक फ्रेम दोनदा छापली गेली. माणूस चालतोय, चालतोय, एक क्षण थबकतो, परत चालतो, आणि असं सेकंदाला पाच वेळा. तोच तुमच्या बाबांच्या डोळ्यांना होणारा त्रास. फाइलमध्येच तो छापला गेलाय, राऊटर कितीही चांगला आणला तरी जाणार नाही.

५७६ ओळींच्या ४८० केल्या म्हणजे बारकावाही गेला.

पंचवटी_एक्स्प्रेस

थोडं अवांतर. फ्रेमचा विषय निघालाच आहे आणि आपण नाशिककर आहोत तर दादासाहेब फाळक्यांची आठवण काढायलाच हवी. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. तो हाताने फिरवायचा. मूकपटांच्या काळात सेकंदाला १६ ते २० च्या आसपास फ्रेम पडायच्या आणि हात जितका स्थिर तितकं चित्र स्थिर. पुढे बोलपट आले तेव्हा आवाज नीट यावा म्हणून २४ पक्कं झालं. जुने मूकपट २४ च्या वेगाने चालवले की माणसं धावल्यासारखी दिसतात, त्याचं कारण हेच. फाळके गेले तेही नाशिकलाच, १९४४ मध्ये. पांडवलेणीच्या पायथ्याच्या स्मारकात जाऊन या, पोरांना हे सगळं सांगा.

द्राक्षवेल

सुंदर अवांतर. शाळेच्या सहलीत स्मारकाला गेलो होतो, पण हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याचं कोणी असं समजावलं नव्हतं.

मेनरोडवाला

जुनाटेपवाला, एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये डेसिमेट नावाचा फिल्टर आहे. सहा फ्रेमच्या गटातून सारखी असलेली एक काढायला सांगितलं तर ३० च्या परत २५ होतील. ताईंना पुन्हा टेप चालवायची गरज पडणार नाही.

जुनाटेपवाला

दुकानदाराच्या सॉफ्टवेअरने फ्रेम जशीच्या तशी दोनदा छापली असेल तर चालेल, आणि झटके बरेच कमी होतील. दोन फ्रेम एकमेकींत मिसळून मधली बनवली असेल तर काढायला वेगळी फ्रेमच उरत नाही. शिवाय गेलेल्या ओळी परत येत नाहीत. म्हणून तात्पुरता उपाय म्हणून जरूर करा, पण मूळ टेप असतील तर त्याच पुन्हा उतरवाव्यात असं माझं ठाम मत आहे. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, २००३ चा घाट आणि २०१५ चा घाट यांतच केवढा फरक आहे. ते बाबांनी स्वतःच्या हाताने टिपलंय.

ताई, मूळ टेप आहेत ना? कुठे ठेवल्यात?

गोदाकाठची

आहेत. बाबांनी एकही टाकू दिली नाही. लोखंडी कपाटात, डबीत घालून. हँडीकॅमही आहे, पण बॅटरी गेलेली आहे.

जुनाटेपवाला

बॅटरी नसली तरी अडॅप्टरवर चालेल.

आधी एकेक टेप उजेडात धरून खिडकीतून रिळाची कड बघा. पांढरट ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. आपल्याकडचे पावसाळे बघता लोखंडी कपाटात ती धरते. अशी टेप कॅमेऱ्यात घालू नका. कॅमेऱ्याचं हेड खराब होईल आणि पुढच्या चांगल्या टेपलाही लागेल. ती वेगळी ठेवा, साफ करून घ्यावी लागते.

स्वच्छ टेप असतील तर उतरवायची पद्धत महत्त्वाची. पिवळी-पांढरी-लाल वायर लावून उतरवली तर डिजिटल चित्राचं आधी ॲनालॉग होतं आणि मग परत डिजिटल. दोनदा नुकसान. हँडीकॅमच्या कडेला आय-लिंक किंवा डीव्ही लिहिलेलं छोटं पोर्ट असेल. ते फायरवायर. त्यातून टेपवरचा डेटा जसाच्या तसा निघतो. मी लिनक्सवर डीव्हीग्रॅब हे सॉफ्टवेअर वापरतो. तासाच्या टेपची फाइल साधारण १३ जीबीची होते, २५ मेगाबिटचा व्हिडिओ, शिवाय आवाज आणि इतर डेटा धरून तेवढं होणारच. ती मूळ प्रत म्हणून जपायची, बघायला वेगळी छोटी करायची.

माझ्याकडे फायरवायर कार्डाचं जुनं मशीन चालू आहे, नाशिकरोडला. तुमच्या बाबांना घेऊन या. टेप उतरत असताना स्क्रीनवर दिसत राहते, ते बघत बसतील. पैसे वगैरे काही नाही.

गोदाकाठची

बाबांना वाचून दाखवलं. ते आत्ताच कपाट उघडून टेपा उजेडात धरून बघतायत. दोन बाजूला काढल्यात, बाकी स्वच्छ वाटतायत. पोर्टवर डीव्ही लिहिलेलं आहे. तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवते. मनापासून आभार.

देवळालीकर

जुनाटेपवाला, माझ्याकडे हाय-८ च्या टेप आहेत. त्यांना फायरवायर चालेल?

जुनाटेपवाला

हाय-८ ॲनालॉग असते, तिच्या स्वतःच्या कॅमेऱ्याला फायरवायर नसतं. पण डिजिटल-८ चे काही कॅमेरे जुन्या हाय-८ टेप चालवतात आणि फायरवायरमधून बाहेर देतात. असा कॅमेरा कोणाकडे मिळाला तर सर्वांत चांगलं. पाल पद्धतीचाच घ्या, नाहीतर परत तेच ३० चं प्रकरण.

गोदाकाठची

अद्यतन. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून बाहेरच्या भिंतीवरून पाइपातून कॅट-६ टाकून घेतली. टोक त्याच्यासमोरच खरवडून तांबं बघितलं. डोंगल काढलं. लग्नाचे सगळे व्हिडिओ नाचासकट न थांबता चालले, घरच्यांनी दोनदा बघितले.

फक्त डेस्कटॉपवर जोडणी १०० एमबीपीएस दाखवतंय. पोर्ट तर गिगाबिटचं आहे. याने काही बिघडतं का?

तांबेतार

व्हिडिओला बिघडत नाही, पण कारागिराला परत बोलवा. १०० ला आठांपैकी चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या. गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चारांपैकी एखादी क्रिंपमध्ये नीट बसली नसेल. टोक कापून नवा कनेक्टर लावला की बहुतेक वेळा होतं. आज चालतंय म्हणून सोडू नका, अर्धवट बसलेली तार पुढे सुटते.

गोदाकाठची

तपकिरी तार पुढपर्यंत आलीच नव्हती. नवा कनेक्टर लावला, आता १ जीबीपीएस दाखवतंय. रविवारी बाबांना घेऊन नाशिकरोडला जातेय.

निवांत

धागा पूर्ण वाचला. प्लॅनचं माझं मत इथे लागू नव्हतं हे पटलं. पण मी पाथर्डी फाट्याला भाड्याने राहतो, घरमालक भिंतीला खिळाही मारू देत नाहीत. माझ्याकडे लॅपटॉपवरून टीव्हीवर बघताना तेच होतं. केबल ओढता येत नसेल तर काय करायचं?

तांबेतार

साखळीतला एकच टप्पा हवेतून ठेवा. राऊटरला मिळालेल्या वायरीच्या लांबीत टीव्ही जवळ आणता येतो का बघा, म्हणजे टीव्हीला छोटी केबल लागेल आणि लॅपटॉप एकटा वायफायवर राहील. ते जमत नसेल तर उलट करा, लॅपटॉप बघण्यापुरता राऊटरशेजारी केबलवर ठेवा आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर. दोन्ही बँडचं नाव एकच असेल तर राऊटरमध्ये जाऊन ५ ला वेगळं नाव द्या, नाहीतर टीव्ही मुकाट्याने २.४ वर जाऊन बसतो. टीव्ही आणि राऊटर एकाच खोलीत असतील तर एवढ्याने काम होईल. आधी फाइलचा आकडा काढा आणि कॉपीचा वेग बघा, दोन्ही इथे टाका.